उभी विळी

मी केलेल्या वस्तू लोक प्रेमाने घेतात आणि मग त्यांचं भलतंच काहीतरी करतात. बाबांसाठी पुस्तक टेकवायचं स्टँड केलं होतं. त्यावर मोबाईल उभा करून आई मालिका बघत भाकरी थापते. मैत्रिणीला दागिन्यांची छोटी पेटी दिली, तिच्यात आता तिच्या मांजराची औषधं असतात. शेजारच्या काकूंना किल्ल्या अडकवायची पट्टी दिली होती, सागवानी, पाच पितळी हुकांची. त्यांनी ती मागच्या दारात ठोकली आणि लसणाच्या जुड्या टांगल्या. मला भेटल्या की आवर्जून सांगतात, ‘तुझ्या पट्टीमुळं लसूण छान वाळतो गं.’

मी काही म्हणत नाही. मी फारसं कधीच काही म्हणत नाही. वस्तू कागदात गुंडाळायची, हातात द्यायची, आणि समोरच्याने कागद सोडायच्या आत निघून यायचं, अशी माझी पद्धत. कुणाला काय हवंय हे मी विचारतही नसे. बघायचे आणि ओळखायचे. मला वाटायचं, मला ते चांगलं जमतं.

कळंब्याला आमच्या घराखाली गाड्या लावायची जागा आहे, तिथे माझं काम चालतं. बाबांची स्कूटर बाहेर काढली की टेबल मावतं. लाकूडकाम मी व्हिडिओ बघून शिकले, त्यामुळे हत्यारं माझ्याकडे आली ती इंग्रजी नावं घेऊन. पहिल्यांदा वखारीत गेले तेव्हा वखारीला लागूनच ज्यांचं दुकान आहे त्या वयस्कर सुतारांनी मान वर न करता ‘बोला पावणं’ म्हटलं आणि माझी बोलतीच बंद झाली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलतो, पण पटाशी, रंधा, गुण्या हे शब्द आमच्या घरात कुणाला लागलेच नव्हते. शेवटी मी मोबाईलवर चिझलचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा खाली ओढून बघितलं आणि म्हणाले, ‘ही पटाशी. नाव घेतलं तर चावत न्हाय.’

त्यानंतर दर शनिवारी मी तिथे जाऊ लागले. त्यांना मी मामा म्हणते. ते मला पावणंच म्हणत राहिले. बरेच महिने.

माझी आत्या जयसिंगपूरला असते. मूळ घर शिरोळचं. पुराच्या एका वर्षी घरात छातीएवढं पाणी आलं, आणि ओसरल्यावर त्यांनी जयसिंगपुरात घर केलं. त्या पुराची गोष्ट दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, नेहमी सांगतो. घर सोडताना त्याने कागदपत्रांची पिशवी उचलली, आणि आत्याने विळी. गोणपाटात गुंडाळून, मांडीवर आडवी ठेवून ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली होती. दादा चिडून म्हणाला, दागिने कुठायत? आत्या म्हणाली, ते कपाटात हायत, कपाट जड हाय, जात न्हाय कुठं.

त्या विळीवर आत्या काय काय चिरायची हे सांगायला नको. पण उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीसाठी ती जो कांदा चिरायची तो बघायला मी लहानपणी मुद्दाम समोर बसायचे. एक पाय पाटावर मुडपलेला, दोन्ही हात पात्याच्या इकडेतिकडे, आणि खाली परातीत कागदासारख्या पातळ पाकळ्या. हाताकडे बघायची नाही. बोलत असायची. चार घरांची चटणी ती एकटी करायची. आमचंही घर त्यातलं एक.

गेल्या पावसाळ्यानंतर आत्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालायला लागली, जिना चढायला लागली, सगळं चांगलं झालं. फक्त डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर बसायचं नाही, कधीच. झालं, विळी ओट्याखाली गेली. वहिनी, दादाची बायको, ओट्यापाशी उभी राहून सुरीने भाजी चिरते, झटपट आणि नीट. ती शाळेत शिकवते, तिला वेळ नसतो. आत्याला कामाची गरज नव्हतीच. म्हणून तिला बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर, हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

मी तिला ऑपरेशननंतर भेटायला गेले तेव्हा एक चॉपिंग बोर्ड घेऊन गेले. शिसवी आणि सागवानी पट्ट्या आलटून पालटून चिकटवलेला, कडा गोल केलेल्या, दोन आठवड्यांचं काम. माझा विचार असा की आत्या खुर्चीत बसेल, पुढ्यात टेबल घेईल, आणि सुरीने चिरेल. आत्याने बोर्डवरून हात फिरवला, ‘गुळगुळीत हाय की’ म्हणाली, आणि पुढच्या खेपेला मी गेले तर तो पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण होता.

त्याच खेपेला ती ते वाक्य बोलली. वहिनी आतून चहा घेऊन आली, आधी मला दिला, मग आत्याला. वहिनी आत गेल्यावर आत्या बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, ‘माझ्याच घरात मी पावणी झालोय बघ. बसा, चहा घ्या, टीव्ही बघा. उठलं की म्हणत्यात, कशाला उठलासा?’

हसत म्हणाली. पण मी तिचे हात बघत होते. बशी ठेवल्यावर ते मांडीवर आले आणि त्यांना पुढे काय करायचं ते कळेना. उन्हाळा दोन महिन्यांवर होता, आणि वहिनीने यंदा चटणी विकतची आणू असं सुचवलं होतं. आत्याने त्यावर हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं. हे दादाने मला सांगितलं तेव्हा तो घाबरलेला दिसला. आत्या गप्प बसली म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

परत येताना बसमध्ये मला कळलं, काय करायचं ते. विळी हलत नाही ती माणसाच्या वजनामुळे. पायाने दाबून धरलेली असते म्हणून. मग जमिनीवर बसण्याऐवजी खुर्चीएवढ्या उंच बाकावर बसलं, आणि त्याच बाकाची फळी पुढे काढून तिच्यावर पातं बसवलं तर? बसणारीच्या वजनाने बाक जागचा हलणार नाही, आणि गुडघे काटकोनात. इतकं सोपं होतं की मला हसू आलं.

पुढच्या रविवारी मी मापं घ्यायला गेले. टेप काढून आत्यासमोर खुर्ची मोजायची म्हणजे सगळं सांगावं लागणार, म्हणून मी ओढणीने मोजलं. खुर्चीच्या कडेला ओढणी लावायची, बोलत बोलत गाठ मारायची. खुर्चीची उंची, ओट्याखालच्या परातीची रुंदी, खुर्ची आणि भिंतीमधलं अंतर. घरी येईपर्यंत ओढणीला सहा गाठी आणि त्यातली कुठली कशाची हे आठवण्यात बसचा जवळजवळ सगळा प्रवास गेला.

बाक मला महिनाभर पुरला. सागवान जुन्या चौकटीचं मिळालं, मामांनी निवडून दिलं. पायांना जोड खाचेतले, खिळा एकही नाही. पातं बाजारातून घेतलं, चांगलं धारदार. जायच्या दिवशी बाबांची गाडी नेमकी बंद पडली, म्हणून रिक्षाने स्टँडवर आणि तिथून जयसिंगपूरवरून जाणाऱ्या सांगलीच्या एसटीत. पातं वेगळं काढून पिशवीत ठेवलं होतं. बस गच्च भरलेली. मी बाक मधल्या वाटेत ठेवून शेजारी उभी राहिले. एक बाई चढल्या, हातात दोन पिशव्या. त्यांनी एकदा बाकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि थेट बसल्याच. हातकणंगल्यापर्यंत बसल्या. उतरताना म्हणाल्या, ‘सीट बरी हाय, पर टोकाला अरुंद केलीया.’ मला इतका आनंद झाला होता की कंडक्टर ओरडला तेही गोड लागलं.

जयसिंगपूरला पोचल्यावर स्वयंपाकघरात बाक मांडला, पातं स्क्रूने घट्ट आवळलं. वहिनीने टाळ्या वाजवल्या. दादाने बसून बघितलं. मग आत्या आली, बसली, जराशी पुढेमागे सरकली. वहिनीने दोन वांगी दिली. आत्याने ती अशी चिरली, जणू मधे काही महिने गेलेच नव्हते. मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता निघावं. हीच माझी निघायची वेळ असते.

मग आत्या उठली. पात्याकडे बघितलं, खाली वाकून बाकाखाली बघितलं. म्हणाली, ‘आता ही आडवी कशी करायची?’

मला प्रश्नच समजला नाही. मी म्हटलं, आडवी कशाला? ही अशीच राहणार. वहिनीने खाली बघितलं.

‘उभी विळी घरात ठेवून झोपतंय का कोण?’ आत्या म्हणाली.

ती रागावली नव्हती. साधं सांगत होती, चपला दारात काढ म्हणावं तसं. चिरून झालं की विळी आडवी करायची, एका अंगावर निजवायची. हे तिला कुणी शिकवलं असेल असंही तिला आठवत नसणार. आमच्या कळंब्याच्या घरात मी कळती झाल्यापासून सुरी आहे, स्टँडमध्ये खोचलेली. शेकडो वेळा आत्यासमोर बसून मी तिचे हात बघितले होते, पण चिरून झालं की मी उठून खेळायला जायचे. पुढचं मी कधी बघितलंच नव्हतं.

आत्याने मात्र प्रयत्न केला. माझ्यासाठीच केला. दादाला सांगून तिने अख्खा बाक आडवा पाडून ठेवला. चार पाय भिंतीकडे, पातं कोपऱ्याकडे, आणि स्वयंपाकघराचं दार अर्धं बंद. वहिनी दुधाचं पातेलं घेऊन त्याच्यावरून पाय टाकून गेली. मी पाणी प्यायले, पिंपावर माझाच चॉपिंग बोर्ड, आणि मिळाली त्या बसने परत आले.

दहाएक दिवसांनी वहिनीने फोटो पाठवला. बाक मागच्या अंगणात उन्हात होता, पातं काढलेलं, आणि त्याच्यावर घासलेली भांडी पालथी घातली होती. खाली लिहिलं होतं, ‘खूप उपयोगी पडतो! आई पण खूश.’ वहिनी मनाने चांगली आहे. मी अंगठा पाठवला आणि मोबाईल पालथा ठेवला.

शनिवारी वखारीत मी नुसतीच बसून राहिले. मामा एका दाराला रंधा मारत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं की बाकाचं काय झालं. मी सगळं सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती, कारण मोठ्याने सांगितल्यावर ते मलाच विनोदी वाटायला लागलं. मामा हसले नाहीत. फुंकर मारून रंध्यातला भुसा उडवला.

‘त्यांस्नी विचारलंवतंस का, कशी पायजे?’

मी म्हटलं, नाही. मापं घेतली होती.

‘लाकूड मुकं असतंय. त्याचा अंदाज घ्यायचा, दुसरा इलाज न्हाय. माणसाला तोंड दिलंय की देवानं.’ आणि रंधा उचलत, ‘तुलाबी दिलंय.’

एवढं बोलून ते परत दाराकडे वळले. मी घरी येताना कळंबा तलावाच्या काठाने चालत आले. चिडले होते. मग लक्षात आलं की मामांनी आज पहिल्यांदाच मला पावणं म्हटलं नाही.

रविवारी मी जयसिंगपूरला गेले ते वही आणि टेप घेऊन. ओढणी घेतलीच नाही. आत्या टीव्हीसमोर होती. मी समोर जमिनीवर बसले, लहानपणी बसायचे तशी, आणि वही उघडली. म्हटलं, ‘आत्या, तुला विळी कशी पाहिजे ते सांग. मी लिहून घेते.’

आत्याने टीव्ही बंद केला.

‘मला वाटलं विचारतीस का न्हाय जन्मात. त्या दिवशी ओढणीला गाठी मारत बसलीस तवाच कळलंवतं मला, ही माप घेतीया. म्हटलं, बोलंल मग.’

आणि मग ती बोलायला लागली. बाकाची पुढची फळी अरुंद पाहिजे, लुगडं ताणतं. एसटीतल्या बाईंचं उलटं मत मी तिला सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईला कुठं चिरायचं हाय. बसायची कड मागे जराही उतरती नको, घसरायला होतं. पातं पाव इंच डावीकडे. परात मांडीवर नको, खाली एक फळी दे, परात तिच्यावर बसली पाहिजे, म्हणजे चिरलेलं थेट परातीत. आणि पातं काढता आलं पाहिजे, पण हलता कामा नये. हे दोन्ही एकदम कसं, मी विचारलं. ‘ते तुझं काम,’ ती म्हणाली. वहिनी चहा घेऊन आली आणि आमच्याकडे बघत तिथेच उभी राहिली. आत्याशी मी इतकी कधी बोलले नव्हते. खरं तर कुणाशीच. मधे मधे मला मराठी शब्द सापडायचे नाहीत आणि मी हवेत हात करून दाखवायचे. आत्याला सगळं कळत होतं. तिचेही हात हवेतच होते.

शेवटी ती उठून आत गेली आणि ओट्याखालून तिची विळी घेऊन आली. पाट बाभळीचा, मधोमध तडकलेला. पुराच्या वेळी ट्रॉलीत पावसात भिजल्यापासून तो तसा आहे. पातं मात्र काळंभोर, झिजून चंद्रकोरीसारखं झालेलं.

‘हे बाजारातलं पातं राहू दे,’ ती म्हणाली. ‘माझं घेऊन जा. सांभाळून ने.’

मी ते पाटासकट मांडीवर आडवं ठेवून आणलं. गोणपाटात गुंडाळून. बसमध्ये अर्ध्या वाटेत मला दादाची पुराची गोष्ट आठवली, ट्रॉलीत बसलेली आत्या आठवली, आणि मी खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हसत होते. इतक्या वेळा ऐकली होती ती गोष्ट. त्यात उत्तर सांगितलेलंच होतं.

बाक दादाने परत पोचवला, आणि दुसऱ्या खेपेचं काम पंधरा दिवसांत झालं. बाकाच्या पुढच्या फळीत मी एक लांब खाच केली, आतून तिरकी, आणि त्यात सरकेल असा छोटा पाट. पातं त्या पाटावर. पाट खाचेत सरकवायचा, वरून लाकडाची एक पाचर ठोकायची. पाट जागचा हलत नाही. चिरून झालं की पाचर उपटायची, विळी बाहेर ओढायची आणि आडवी करायची. छोटा पाट आणि पाचर मी आत्याच्या जुन्या तडकलेल्या पाटातूनच काढली, तडा टाळून. इतकं कडक लाकूड की माझी करवत दोनदा अडकली. मामांनी खाचेत बोट फिरवून बघितलं, पाचर ठोकली, उपटली, पुन्हा ठोकली. ‘जमतंय,’ म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त मी कुणाला मिळालेलं ऐकलेलं नाही.

बाभळीचा एक तुकडा उरला होता, लिंबाएवढा. तो मी घासून गोल केला आणि खिशात टाकला.

एप्रिलच्या एका रविवारी आई, बाबा आणि मी गाडीने गेलो. आत्याने काही न सांगता कांद्याचं पोतं आणून ठेवायला लावलं होतं. बाक मांडला, ती बसली, मी पाट सरकवला. पाचर तिने स्वतःच वरवंट्याने ठोकली. पातं हलवून बघितलं. हललं नाही.

पहिला कांदा तिने सावकाश चिरला. दुसरा जरा भरभर. तिसऱ्यापासून तिने पात्याकडे बघणं सोडलं आणि आईला शिरोळच्या कुणाच्यातरी लग्नाची हकीकत सांगायला सुरुवात केली. वहिनी लसूण सोलायला बसली, आई खोबरं किसायला, दादा आणि बाबा मिरच्यांची देठं काढायला. अर्ध्या तासात स्वयंपाकघरात सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एकटी आत्या सोडून. तिचं म्हणणं, कांद्याकडे बघितलं की तो रडवतो, न बघता चिरावा. वहिनीने डोळे पुसत विचारलं की विकतची चटणी आणली असती तर काय बिघडलं असतं. आत्या म्हणाली, ‘तू शाळेला जा उद्या. आल्यावर मी सांगतो काय बिघडलं असतं.’ वहिनी हसायला लागली. मीही. मी परात सरकवायला उठले तर माझ्या हातावर चापट बसली.

‘तू बस. तू पावणी हायस.’

मला बसवेना. म्हणून मी पाणी प्यायला गेले. पिंपावरचं झाकण, म्हणजे माझा चॉपिंग बोर्ड, ओल्या हातातून नेहमीसारखं निसटलं. गुळगुळीत आहे, कड बोटांत येत नाही. मी दादाकडून स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. खिशातला बाभळीचा गोळा मूठ म्हणून बोर्डाच्या बरोबर मधोमध बसवला आणि बोर्ड उचलून बघितला. झाकण म्हणून फार चांगला होता.

दुपारी उशिरा पोतं संपलं. आत्याने पाचर उपटली, विळी बाहेर ओढली, पातं पुसलं, आणि बाकाखाली फळीवर आडवी निजवली. मग पाणी प्यायला आली. मूठ धरून झाकण उचललं, मुठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘आता झालं बघ पुरतं,’ ती म्हणाली.